सावर पाडली तेव्हा आम्ही असीरगडावर होतो

बऱ्हाणपूरहून परत आल्यापासून आमच्या शिवणवर्गातल्या बायका विचारतात, "काय काय पाहिलंत, बाई?" मी त्यांना असीरगड सांगते, तापीचं पात्र सांगते, खव्याची काळपट जाडजूड जिलबी सांगते. त्या खूश होतात. बाकीचं त्यांना सांगवत नाही, म्हणून ते इथे लिहून काढते आहे. ज्यांनी ते गाव पाहिलेलं नाही त्यांनी जरूर पाहावं. गावाचा यात काही दोष नाही.

माझी धाकटी बहीण कुसुम तिथे दिली, त्याला आता उभी हयात झाली. आम्ही कऱ्हाडचे. एवढ्या लांब, तेही मध्य प्रदेशात मुलगी द्यायची म्हणून घरात कुरबूर झाली होती. वडील म्हणाले होते, "घर मराठी आहे, मुलगा मास्तर आहे, आणि वडीलधाऱ्यांसमोर मान वर करून बोलत नाही. अजून काय पाहिजे?" पुढे कुसुमही तिथल्या प्राथमिक शाळेत लागली. आमच्या घरातल्या सगळ्या जावयांत भास्करराव मला सर्वांत आवडते. आवडते होते, असं लिहायला हवं.

यंदा होळीच्या सुमाराला त्यांचा फोन आला. "ताई, आता येऊन जा. सावर फुलून राहिली, पक्षीच पक्षी आहेत. तुम्ही आल्या तर कुसुमला बहुत बरं वाटंल. तिला मी सांगितलं नाही हं, अचानकच या." या वयात बायकोच्या बहिणीला कोण आपणहून बोलावतं? वर्गात मी चार जणींना ते कौतुकानं सांगितलं आणि तिकीट काढलं.

जैनाबाद

कुसुमचं घर शहरात नाही, तापीच्या अलीकडच्या काठाला, जैनाबादला आहे. गच्चीवर उभं राहिलं की पलीकडे नदीवर झुकलेली जुन्या महालाची भिंत दिसते आणि तिच्या पायाशी कपडे धुणाऱ्या बायका. आमची कृष्णा हिरवी, डोहाडोहांची. तापी मार्चमध्येच खडकांच्या फासळ्या दाखवायला लागते.

मी दारात उभी राहिले तेव्हा कुसुमच्या हातात पिठाची परात होती. ती आनंदली, पण आधी गोंधळली. "तू? आत्ता? काही झालंय का?"

"काही नाही गं. भास्कररावांनी बोलावलं."

"ह्यांनी?" ती हसली. "मला काही बोलले नाहीत. म्हातारपणी गुण उधळतायत."

घर दोन भावांचं आहे. भास्कररावांचे थोरले भाऊ, सगळे त्यांना आप्पा म्हणतात, बायकोबरोबर समोरच्या भागात राहतात. कापूस आणि केळी सगळी त्यांच्याच हाताखाली, कारण धाकटा मास्तरकीत गेला. आप्पा आडदांड, मोठ्या आवाजाचे, पाहुण्याला खाऊ घालून मारणारे. पहिल्याच सकाळी त्यांनी शहरातल्या इतवाऱ्याच्या बाजारातून पोहे आणि जिलबी मागवली. आमच्याकडे पोह्यांबरोबर चहा असतो. तिथे पोह्यांच्याच बशीत जिलबी ठेवतात आणि ती आधी खायची की नंतर यावर दोन मतं आहेत. माझी पंचाईत पाहून आप्पा म्हणाले, "ताई, टेन्शन नका घेऊ, दोन्ही एकदमच तोंडात टाका."

एक गोष्ट मात्र मला खटकली. आप्पा समोर आले की कुसुमच्या डोक्यावर पदर जायचा आणि ती त्यांच्याशी थेट बोलायची नाही. काही सांगायचं असलं की नवऱ्याकडे पाहून म्हणायची, "अहो, सांगा त्यांना." आप्पा तीन हातांवर बसलेले, सगळं ऐकत असलेले. भास्करराव सांगायचे किंवा सांगायचे नाहीत. आमच्या आजीच्या काळात असं होतं म्हणे. मी कुसुमला चिडवलं, तर ती म्हणाली, "आता सवय झाली. उलट बरं पडतं, वाद होत नाहीत." होत नव्हते हे खरं. दिसत नव्हते.

पांढरी भिंत

कुसुमला पाखरांचा नाद लागला तो निवृत्तीनंतर. दुर्बीणही भास्कररावांनीच आणून दिलेली. पतंगांचा नाद तिचा तिलाच लागला. घरामागे पाण्याच्या मोटारीची खोली आहे, तिची भिंत चुन्यानं पांढरी केलेली आणि वर एक दिवा. उजाडायच्या आत तिनं मला तिथे नेलं आणि मी तोंडात पदर धरून उभी राहिले. भिंतीवर जणू कुणी कापडांचे नमुने डकवले होते. मी जन्मभर कापड हाताळलंय, पण असं कापड पाहिलं नव्हतं. तांबड्या-काळ्या ठिपक्यांची पांढरी मलमल. राखेच्या रंगाची, कडेला विटलेली जर. एक तर हिरव्यात हिरवा, मध्ये गुलाबी झाक, असा की पैठणीवाल्यानं हात टेकावेत.

"हा शालू," कुसुम म्हणाली. "ही राखुंडी. हे वाळकं पान, नीट बघ, पान नाही ते. आणि हे मामंजी." मामंजी म्हणजे एक जाडा, केसाळ, गालमिश्यांचा पतंग. तिचे सासरे मी पाहिलेले होते. आम्ही दोघी तोंडं दाबून हसलो.

तारेवर एक दयाळ शेपटी उभारून बसला होता. दिव्याला भुललेले पतंग उजाडताना सुस्तावलेले असतात हे त्याला ठाऊक झालेलं. कुसुम एकेकाखाली बोट धरायची, तो बोटावर चढायचा, आणि ती त्याला झाकणाच्या बुट्टीत सोडायची. "थोडे याच्यासाठी ठेवायचे," दयाळाकडे बघत ती म्हणाली. "याच्याही घरी खाणारी तोंडं आहेत."

मग बुट्टी घेऊन आम्ही तिच्या जागेवर गेलो. केळीच्या बागा संपतात आणि नाला नदीकडे वळतो तिथे जमिनीचा एक वेडावाकडा तुकडा होता. ओघळींनी फाटलेला, नांगर न धरणारा, म्हणून पिढ्यान्पिढ्या कुणी हात न लावलेला. बोरी, बाभळी, करंज, एक उंबर, पळस, आणि मधोमध ती सावर. फुलांचा बहर सरत आला होता. खाली तांबड्या, मांसल फुलांचा खच, पायाखाली पचपच वाजणारा. वर भोरड्यांचा थवा असा कलकलत होता की आमचा वर्ग त्यापुढे मुका. कोतवाल, हळद्या, शिंजीर, सगळे एकमेकांना ढकलत मध पीत होते. कुसुम बुट्टी उघडून पतंग झुडपांच्या सावलीत सोडत होती आणि मला हळू आवाजात नावं सांगत होती. तिच्या घरात मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता.

"आता तिकडे बघ. जाड फांदीच्या खाली, खोडाला फट आहे तिथे."

मला काही दिसेना. मग राखी रंगाचा एक मोठा पक्षी वेडीवाकडी उडी घेत आला, चोच केवढी तरी, चोचीवर शिंगासारखं काहीतरी. धनेश. खोडाला धरून त्यानं मान ताणली, आणि घशातून एक उंबर वर आणलं, मग दुसरं, मग तिसरं. फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं आणि एकेक उंबर घेऊन आत गेलं.

"आत कोण आहे?"

"ती. अंडी घालायच्या आधी आत बसते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते. आत तिची पिसं गळून पडतात. नवी येईपर्यंत उडता येत नाही. तो आणील तेवढंच खायचं."

"आणि तो नाही आला तर?"

"येतो," कुसुम म्हणाली.

त्यानंतर मला कुणी उठवावं लागलं नाही. मीच आधी उठून चहा ठेवायची. एका सकाळी भास्कररावही आमच्याबरोबर आले. आम्ही दोघी वर बघत होतो आणि ते सावरीच्या बुंध्याशी उभे राहून खाली जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, मान दुखत असेल.

वरण-बट्टी

आप्पांनी एका संध्याकाळी वरण-बट्टीचा बेत केला. तिकडची बट्टी आमच्या कडक भाकरीला लाजवील अशी भाजतात आणि मग तुपात बुडवून तिला नरम आणतात. वरण, वांग्याची भाजी, कांदा. पुरुष आणि मी जेवायला बसलो, कुसुम वाढत होती.

"ताई, तुमच्या बहिणीला जरा समजवा," आप्पा म्हणाले. आवाजात खेळीमेळी होती. "मागच्या साली गुलाबी अळीनं कापूस खाल्ला आमचा. आणि ह्या रात्रभर दिवा लावून पतंगांना बोलावून राहिल्या. त्यातला अळीचा पतंग कोणता, तो काय झेंडा घेऊन येतो?"

कुसुम दाराशी थांबली, पदर सावरला. "अहो, सांगा त्यांना, अळी दिव्यात नाही, पऱ्हाट्यांत राहते. कापूस वेचून झाल्यावर झाडांचा ढीग नाल्यावर तसाच पडलाय, तो आधी जाळायला सांगा."

भास्करराव बट्टी वरणात कुस्करत होते. "बघू ना," ते म्हणाले.

"बघायचं काय?" आप्पा म्हणाले. "तिथे रान माजलं म्हणून कीड आहे. आता मशीन आहेत. ओघळी बुजवून तुकडा सपाट केला की फर्स्ट क्लास केळी उभी राहील. आमच्या बापाला जमलं नाही, ते आता एका दिवसाचं काम आहे."

"अहो, सांगा त्यांना," कुसुमचा आवाज जरा चढला, "की पावसाळा लागेपर्यंत तिथे कुणी हात लावणार नाही, असं तुम्ही मला कबूल केलंय."

आप्पा भावाकडे बघत होते. भास्कररावांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मी बसले होते तिथून कळलं नाही. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "ताई, तुम्ही तूप तर घेतलंच नाही." कुसुमनं ते होकाराचंच धरलं. मीही.

असीरगड

दोनेक दिवसांनी भास्कररावांनी गाडी ठरवली. "कुसुम, ताई इतक्या लांबून आल्या आणि असीरगड नाही पाहिला, तर लोक काय म्हणतील? उद्या तुम्ही दोघी जाऊन या. माझे गुडघे काही चढायचे नाहीत."

कुसुमचा पाय निघेना. "सकाळची भिंत कोण बघणार?"

"मी आहे ना. पतंग गोळा करून नेऊन सोडतो. तू बिल्कुल फिकीर नको करू."

त्यावर तिनं ज्या नजरेनं त्यांच्याकडे पाहिलं ती मी विसरणार नाही. लग्नातली कुसुम होती ती.

असीरगड गावाच्या डोक्यावर असा उठतो की मान पूर्ण मागे टाकावी लागते. पायथ्याशी गाव, म्हशी, दाण्याची टपरी, आणि वर दगडाच्या भिंतींवर भिंती. आमच्याकडचे गड उघडे, वाऱ्याला अंग देणारे. हा चिलखत घालून बसलाय. वर महादेवाचं देऊळ आहे. अश्वत्थामा तिथे रोज पहाटे येऊन फूल वाहून जातो म्हणतात. पिंडीवर खरोखरच ताजं फूल होतं. कुसुम म्हणाली, "पुजाऱ्यानं वाहिलं असेल." मी म्हटलं, "तुला काही श्रद्धा म्हणून नाही." ती म्हणाली, "अगं, शापातून सुटका नाही म्हणून भटकणारा माणूस रोज फूल कुठून आणील?"

ती त्या दिवशी फार बोलली. तटावर बसून आम्ही पुरी-भाजी खाल्ली. एक पांढरं गिधाड आमच्या पायांच्या खालून तरंगत गेलं, वरून पाठ दिसली त्याची, आणि कुसुमनं टाळी वाजवली. मला म्हणाली, "ताई, त्या घरात मला काही कमी नाही. पण सगळं त्यांचं. चूल सासूची होती, मग जावेची झाली. शाळा सरकारची. हे एवढं पाखरांचं माझं आहे. ह्यांनी ते मला दिलं, जपलं. मी ते कुणापुढे बोलत नाही, पण मला ठाऊक आहे."

तेवढ्यात भास्कररावांचा फोन आला. जेवलात का, ऊन लागत नाही ना, घाई करू नका. खाली उतरताना पुन्हा आला. येताना इतवाऱ्यात थांबा, ताईंना साड्या दाखव, जिलबी घ्या. मी म्हटलं, "किती काळजी ती." कुसुम म्हणाली, "आज जरा जास्तच करतायत."

शहरात परतलो तेव्हा चार वाजायचे होते. इतवाऱ्यात अरुंद गल्ल्या, हातगाड्या, कढईतून निथळणारी जिलबी, सगळं होतं. पण आम्ही दमलो होतो. कुसुम गाडीवाल्याला म्हणाली, "चला, घरीच जाऊ."

तो घुटमळला. "मॅडम, थोडं फिरून घ्या ना अजून. सरांनी सांगितलंय, दिवस बुडायच्या आधी आणू नका."

"का?"

"ते मला काय माहीत. तुमच्या शेतावर मशीन लावून राहिले ना आज, धूळ असेल म्हणून बोलले असतील."

कुसुमनं त्याला गाडी सरळ घराकडे घ्यायला लावली. पुलावरून जाताना तिनं माझा हात धरला होता, आणि तिची नखं रुतत होती.

तुकडा

केळीच्या बागेतून आम्ही अक्षरशः धावलो. बाग संपली आणि समोर उजेड दिसला. जिथे झाडी असायची तिथे नुसतं आकाश. तुकडा हातानं पीठ सारखं करावं तसा सारखा केलेला, ओली माती वर आलेली, बोरी-बाभळींचा ढीग एका कडेला लोटलेला. मशीन निघून गेलं होतं. सावरीचे ओंडके पाडून ठेवले होते आणि दोन मजूर बाया फांद्या गोळा करत होत्या. उंबर नव्हता. पळस नव्हता.

"बाई, तिकडे नका जाऊ," त्यांतली एक म्हणाली. "त्या लाकडात काहीतरी आहे. फुसफुसून राहिलं. कोणी करवत लावायला तयार नाही म्हणून ते लाकूड तसंच ठेवलं."

कुसुम मातीत गुडघ्यांवर बसली. ओंडक्याच्या फटीवरचं लिंपण अर्धं फुटलं होतं. आत अंधारात एक डोळा होता. पापणीला लांब केस असलेला, माणसासारखा डोळा. अंड्यांचा चिखल झाला होता. पक्षीण जिवंत होती, शेपूट नसलेली, पंखांत नुसती खुंटं, आणि आमच्या बोटांवर चोच मारत होती.

मी म्हटलं, "बुट्टीत घालून घरी नेऊ."

"नको. बाहेर काढली तर तो तिला ओळखणार नाही. ढोलीसकट न्यायची."

घराकडून भास्करराव येताना दिसले. ते काही अंतरावर थांबले. कुसुम वर न बघता म्हणाली, "शिडी आणा. दोर आणा."

ते धावत गेले. मोटारीच्या खोलीपलीकडे बांधावर कडुनिंब आहे, त्याच्या बेचक्यात तो ओंडका उभा बांधायचा होता. दोन मजूर आणि भास्करराव यांनी तो उचलला. गुडघ्यांची सबब सांगणारा माणूस शिडी चढला, छातीनं ओंडका दाबून धरला आणि दोर आवळू लागला. हात सोलवटले, रक्त आलं. कुसुम खालून दोर देत होती. मग तीच शिडी चढली आणि ओल्या मातीनं फट लिंपली, आधी होती तेवढीच सोडून.

खाली उतरल्यावर तिनं हात धुतले आणि विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना, आत ती आहे?"

"मी आप्पांना म्हटलं होतं, थांबा थोडे दिवस. ते म्हणाले, मशीन आजच मिळून राहिलं, मग पावसाळ्यापर्यंत नाही."

"मी ते विचारत नाही. मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू झाडाखाली जाऊन बसली असती. तुझा स्वभाव माहीत आहे ना मला. मग आप्पा बोलले असते, तू बोलली असती, गाव जमलं असतं. घराचं काय राहिलं असतं?"

"म्हणून गडावर धाडलंत."

ते सोलवटलेले हात पुसू लागले. मग कुसुमच्या काहीतरी लक्षात आलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा त्यांच्याकडे. "आणि ताईला त्यासाठीच बोलावलं होतंत? मला बाहेर न्यायला?"

"तू एकटी कधी गेलीच नसती," भास्करराव म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं लिहायला हवं.

मी ओट्यावर बसले. ते कौतुक, ते तिकीट, ती सगळी वाट मला आठवली. मी बहिणीला भेटायला आले नव्हते. दाराला कडी लावतात तशी मला आणून लावली होती.

कुसुम माझ्यासमोर आली. "ताई, खरं सांग. तुला माहीत होतं?"

"नाही गं. देवाशपथ नाही."

ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बरं." त्या एका 'बरं'साठी मी भास्कररावांना क्षमा करणार नाही.

कडुनिंब

नर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सपाट मातीवर घिरट्या घालत ओरडत होता. बाभळींच्या ढिगावर बसला, ओंडक्यांवर बसला. आम्ही तिघं बांधाआड उभे. कितीतरी वेळानं तो कडुनिंबाकडे आला. त्याच्या चोचीत एक फळ होतं. उंबर तर तोडला होता, त्यानं कुठून शोधून आणलं देव जाणे. फांदीवरून तो ओंडक्याकडे उड्या मारत गेला. फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं. भास्करराव पुटपुटले, "दे, दे." नरानं मान पुढे केली, दोराकडे पाहिलं, मातीच्या नव्या लिंपणाकडे पाहिलं आणि फळ तसंच घेऊन उडाला. तो पुन्हा आला नाही.

मग कुसुमनं पपईच्या फोडी, वडाची फळं काठीला लावून फटीपाशी धरली. काही घेतल्या, काही नाही. भास्करराव सायकल काढून लांबून उंबरं घेऊन आले आणि तिच्यापुढे ओंजळ धरली. "तिथे ठेवा," ती म्हणाली. ते ठेवून निघून गेले. आप्पाही एकदा येऊन बघून गेले. वाईट वाटलं त्यांना, खरंच. म्हणाले, "एवढंसं पाखरू आत होतं, मला कोणी सांगितलंच नाही." आणि भावाकडे पाहिलं. भास्कररावांनी मान खाली घातली. म्हणजे त्या बाजूलाही त्यांनी काही सांगितलं नव्हतं. थांबा म्हणाले होते, का थांबा ते म्हणाले नव्हते. कुसुम सगळं ऐकत होती. त्या वेळी तिच्या डोक्यावर पदर नव्हता.

पक्षीण एका पहाटे मेली. फटीशी चोच टेकवूनच मेली. कुसुमनं लिंपण फोडून तिला बाहेर काढलं. रडली नाही.

मी माझा मुक्काम आवरता घेतला. स्टेशनवर दोघंही आले. कुसुम पाण्याची बाटली आणायला गेली तेव्हा भास्करराव म्हणाले, "ताई, तुम्ही तिला समजवा. ती बोलते, जेवायला वाढते, सगळं करते. पण माझ्याकडे बघतच नाही."

मी म्हटलं, "भास्करराव, आप्पांना एकदा 'नाही' म्हटलं असतंत तर काय झालं असतं?"

त्यांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "माहीत नाही. कधी म्हणून पाहिलं नाही."

गाडी लागल्यावर मी कुसुमला म्हटलं, "चल माझ्याबरोबर. थोडे दिवस राहा कऱ्हाडला." ती म्हणाली, "तिथे येऊन काय करू? सगळे विचारतील काय झालं. सांगितलं तर म्हणतील, एका पाखरासाठी?" मग खिडकीतून माझा हात न धरताच म्हणाली, "जपून जा."

आता फोन मीच करते. ती उचलते. ऊन, पाणी, माझा गुडघा असं बोलणं होतं. एकदा न राहवून विचारलं, "सकाळी बाहेर पडतेस का गं?"

"केळीची लागण झाली, ताई," ती म्हणाली. "रोपं चांगली धरलीत म्हणतात." मग जरा थांबून, "ह्यांच्याशी बोल," असं म्हणून, मी नको म्हणायच्या आत, तिनं फोन भास्कररावांच्या हातात दिला. मी काही बोलले नाही. पलीकडून तेही काही बोलले नाहीत. मागे कुणीतरी भांडी घासत होतं, तो आवाज ऐकत मी थोडा वेळ तशीच बसले, आणि मग फोन ठेवला.